दोन काळ्या कडा

"नमुना गेला," विभागप्रमुख फोनवर म्हणाले. "विझला. काहीही दिसत नाही. ताबडतोब या."

"कुणी घालवला?"

"ते उघड आहे हो. तुम्ही फक्त कागदावर आणा."

करवतबाईंनी फोन ठेवला. "उघड आहे" म्हणणाऱ्या माणसांचा त्यांना मनापासून राग यायचा.

संस्थेत लोक त्यांना तोंडावर मॅडम आणि पाठीमागे करवतबाई म्हणत. पोलिसातून निवृत्त झाल्यावर त्या इथे अंतर्गत चौकशीचं काम बघायच्या. एकच प्रश्न दोनदा विचारायची त्यांची सवय होती. एकदा सुरुवातीकडून शेवटाकडे, मग शेवटाकडून सुरुवातीकडे. जातानाही कापायच्या, येतानाही कापायच्या. संस्थेत त्यांना एकही मित्र नव्हता आणि तो मिळावा अशी त्यांची काही खटपटही नव्हती.

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीबाहेर बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर पिशवी, दोन्ही हात पिशवीवर. तिला कुणी पाणीसुद्धा विचारलेलं दिसत नव्हतं.

"तुम्ही कोण?"

"मुलीची आई."

"कोणत्या मुलीची?"

"हेही तुम्हाला माहीत नाही?" बाई कडवट हसली. "माझा मुलगा गेला, वर्ष झालं. हृदयाच्या स्नायूचा आजार. आता मुलीला तोच झालाय. औषधं दोन आहेत. एकाने ती वाचेल, दुसऱ्याने लगेच जाईल. कोणतं द्यायचं ते मुलाच्या स्नायूचा तुकडा बघून कळणार होतं. संध्याकाळपर्यंत सांगा, म्हणालेत डॉक्टर. त्याहून जास्त ती थांबणार नाही."

"मुलीचाच तुकडा काढता येत नाही?"

"तेवढी ताकद नाही तिच्यात. आत काय झालंय, मला कुणी सांगत नाहीये. तुम्ही सांगाल?"

"कळलं की सांगेन."

"सगळे हेच म्हणतात," बाई म्हणाली आणि तिने मान फिरवली.

प्रमुखांची खोली थंडगार होती. ते उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांपैकी. यंत्र तळमजल्यावर, हे तिसऱ्या मजल्यावर.

"तुकड्याला चमकणारा रंग लावतात," ते लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले. "रंग पेशीच्या कडेला चमकला तर पहिलं औषध, आत चमकला तर दुसरं. पण हा रंग जितका उजेड देतो तितका संपत जातो. सकाळी तुकडा चढवलेली काच तयार झाली, तपासली, अंधाऱ्या पेटीत गेली. जेवणाच्या सुट्टीनंतर माझ्या त्या संशोधक मुलीने ती यंत्रात घातली, तर काळोख. म्हणजे मध्ये कधीतरी तिने ती काच पेटीतून काढली आणि दिव्याखाली विसरली. निष्काळजीपणा. तिची सही घेतली की झालं."

"तुम्ही काच बघितलीत?"

"गरज काय?"

"यंत्रावर शेवटचे कधी बसला होतात?"

प्रमुखांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझी चौकशी आहे का ही?"

"अजून नाही. खोलीत कोण कोण जातं?"

"तिघंच. ती, तिचा सख्खा थोरला भाऊ आणि आमचा काचवाला, म्हणजे काचेवर तुकडे चढवणारा. भाऊ-बहीण एकाच यंत्रावर काम करतात, पण दोन वर्षं एकमेकांशी एक शब्द नाही. कुणाची पद्धत चांगली यावरून वाजलंय. हे काम मी धाकटीला दिलं, तेव्हापासून तर विचारूच नका."

"यंत्र नोंद ठेवत नाही?"

"नाही. जो चित्र काढतो, तो आपल्या डिस्कवर घेऊन जातो."

काचवाला आपल्या खोलीत बारीक कुंचले धूत होता. त्याने मान वर केली नाही.

"मी तुकडा चढवला, दिव्याखाली एक नजर टाकली, चमकला. पेटीत ठेवला. माझं काम संपलं."

"सगळं ठीक होतं?"

"रंग जरा फिका चढला होता. जुना तुकडा, चालायचंच."

"कुणाला सांगितलंत?"

"धाकटीला. तेही कानात. बाहेर आई बसलेली, मोठ्याने कशाला बोलायचं?"

"थोरल्याला?"

"त्याच्याशी मी बोलत नाही. माझ्या काचांना भंगार म्हणाला होता एकदा."

"पुन्हा रंग चढवता येईल?"

"धुताना तुकडाच सुटून येईल. आणि दुसरा नाही. आता तुमचं ते उलटं विचारणं सुरू करा, म्हणजे मी मोकळा होतो."

करवतबाईंनी उलटं विचारलं. उत्तरं तीच आली.

धाकटीला सामानाच्या खोलीत बसवलं होतं. समोर कबुलीचा कागद आणि पेन.

"मी सही करणार नाही," करवतबाई दारात असतानाच ती ओरडली.

"आवाज चढवू नका."

"मग तुम्ही इथून जा. तुम्हाला त्यांनीच पाठवलंय."

"कुणीही पाठवलेलं असू दे. काम समजावून सांगा."

धाकटीने कागद दूर ढकलला. "लेसरचा ठिपका आरशाने तुकड्यावरून फिरवतात. ओळीवर ओळ. आरसा हळू फिरवला तर हा रंग लगेच जळतो, म्हणून वेगात फिरवायचा. पण वेगात प्रत्येक जागेला उजेड कमी मिळतो आणि चित्र दाणेदार येतं, रवा सांडल्यासारखं. मी थोड्या उजेडात थोडीच चित्रं घेते आणि दाणे नंतर प्रोग्रामने काढते. आरसा टोकाला वळतो तेवढा वेळसुद्धा मी लेसर बंद ठेवते, नाहीतर तिथे उगाच भाजतं. इतकं जपणारी मी काच दिव्याखाली विसरेन?"

"सुट्टीत कुठे होता?"

"जिन्यात डबा खात होते. एकटी."

"कुणी पाहिलं?"

"एकटी म्हणजे एकटी! त्यानंतर काच लावली. यंत्रात मधलाच एवढासा भाग दिसतो, तो काळा. मी प्रमुखांना फोन केला आणि सगळा तुकडा बघायला लेन्स बदलणार, तोच ते आरडाओरडा करत आले. तेव्हापासून मला त्या खोलीत पाऊल टाकू देत नाहीत."

"तुमच्या भावाने केलं असेल?"

तिने पेन उचलून परत खाली ठेवलं. "दादा मला पाण्यात बघतो," ती म्हणाली. "मी चित्र काढत नाही, रंगवते, असं सगळ्यांना सांगत फिरतो. पण एखाद्याच्या मुलीच्या जिवावर उठणार नाही तो."

थोरल्याच्या खोलीत शिरायला वाट काढावी लागली. रिकामी खोकी, तडकलेले आरसे, आटलेली पेनं, एक दांडी तुटलेला चष्मा. कपाटात वर्षानुवर्षांच्या डिस्कांची चळत.

"हे सगळं लागतं?"

"मी काही फेकत नाही. आज ज्याला लोक कचरा म्हणतात ते उद्या मागायला येतात." त्याने पडद्यावर दोन चित्रं लावली. "हे इतरांचं. कडेला दाते दिसतायत? चक्क करवत." तो थबकला. करवतबाई हसल्या नाहीत. तो घाईने पुढे बोलू लागला. "आरसा जाताना एक ओळ काढतो, परत येताना दुसरी. वेळ केसभर चुकली की ओळी सरकतात. हे माझं चित्र. एक दाता नाही."

"कसं काय?"

"आरसा झोपाळ्यासारखा हलतो. मध्ये वेगात, टोकाला थबकून वळतो. टोकाचा भाग बाकीचे टाकून देतात. मी तिथूनच जाणं आणि येणं जुळवतो. मग एकावर एक शेकडो चित्रं घेऊन सरासरी काढतो. दाणे आपोआप जातात. सगळं खरं, रंगवलेलं काही नाही."

"तुमची बहीण रंगवते?"

"तिचा प्रोग्राम अंदाज बांधतो. अंदाजावर एका मुलीला औषध देणार? बोललो तर मी वाईट!"

"सुट्टीत कुठे होता?"

"कॅन्टीनमध्ये. मग इथे. मग आरडाओरडा ऐकला."

"आज तो तुकडा पाहिलात?"

"मला कोण दाखवणार?"

"आरडाओरड्याच्या आधी?"

"इथे. त्याआधी कॅन्टीन. चक्रम आहात का तुम्ही?"

"असेन. काम तुम्हाला दिलं असतं, तर?"

"तर ही वेळ आली नसती." तो खुर्चीत मागे रेलला. "अर्थात माझ्यासाठीही सोपं नव्हतं म्हणा. इतक्या फिक्या रंगाला लेसर वाढवावाच लागतो."

करवतबाईंनी मान डोलावली आणि उठल्या.

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत त्यांनी काचवाल्याला बोलावून घेतलं. तो कुरकुरतच आला. त्याने सर्वांत कमी मोठं दाखवणारी लेन्स लावली, क्षणभर दिवा सोडला आणि बाजूला झाला.

करवतबाई वाकल्या. फिकट हिरवा तुकडा होता. बरोबर मध्यभागी काळा चौकोन, खिडकी कापून काढल्यासारखा. त्या चौकोनाच्या डाव्या आणि उजव्या कडेला एकेक पट्टी आणखी गडद काळी. वर आणि खाली तसं काही नव्हतं.

"काच दिव्याखाली विसरली असती तर असंच दिसलं असतं?"

"छे! दिव्याचा उजेड गोल पडतो. डागही गोलच झाला असता." काचवाल्याने स्वतः डोळा लावला आणि तो हादरला. "हा लेसरचा चौकोन आहे. पण तिने तर..."

"या दोन काळ्या कडा कसल्या?"

"ते मला ठाऊक नाही. माझं ज्ञान काचेपर्यंत. यंत्र त्या दोघांचं."

करवतबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांना तोवर जे कळलं होतं ते सगळं वाचकांना इथे सांगून झालं आहे, हातचं राखून काही ठेवलेलं नाही.

बैठकीच्या खोलीत त्यांनी सगळ्यांना जमवलं. मुलीच्या आईला त्या स्वतः हाताला धरून आत घेऊन आल्या.

"बाहेरच्या माणसाचं इथे काय काम?" प्रमुख कडाडले.

"बाहेरचे तर तुम्ही आणि मी आहोत. तुकडा त्यांच्या मुलाचा आहे." करवतबाईंनी आईला खुर्ची दिली. "सही झाली का?"

"नाही करणार!" धाकटी म्हणाली.

"करूच नका. साहेब, काच दिव्याखाली राहिली नव्हती. दिव्याचा डाग गोल असतो. हा चौकोनी आहे. सुट्टीत कुणीतरी ही काच यंत्रात लावून तिच्यावरून लेसर फिरवला."

"म्हणजे हिनेच," प्रमुख म्हणाले. "आणखी सोपं झालं."

"थांबा. चौकोनाच्या दोन बाजूंना गडद काळ्या पट्ट्या आहेत. तिथे जास्त भाजलंय. का?"

धाकटी ताडकन उठली. "डावी-उजवी? वर-खाली नाही?"

"नाही."

धाकटीचा चेहरा उतरला. ती भावाकडे बघू लागली.

"मलाही यातलं काही कळत नव्हतं," करवतबाई म्हणाल्या. "मला तुम्हीच शिकवलंत, थोरले. झोपाळा मध्ये वेगात जातो, टोकाला थबकतो. ठिपका टोकाला थबकला की तिथला रंग जास्त जळणार. म्हणून तुमची बहीण टोकाला लेसर बंद ठेवते. तिने हा चौकोन काढला असता तर त्याला अशा कडा नसत्या. बाकीचे टोकाचा भाग टाकून देतात. तो हवा असतो फक्त एका माणसाला."

"सुतावरून स्वर्ग गाठताय तुम्ही!" थोरला उसळला. "कुणीही सेटिंग बदलेल. मला अडकवायला हिनेच बदललं असेल!"

"आज तुम्ही तुकडा पाहिला होता?"

"नाही, सांगितलं ना!"

"मग रंग फिका आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

थोरल्याने काचवाल्याकडे पाहिलं.

"मी तर नाही," काचवाला म्हणाला. "मी फक्त धाकटीच्या कानात सांगितलं होतं."

"आणि ती तुमच्याशी दोन वर्षं बोलत नाही," करवतबाई म्हणाल्या.

थोरल्याने एकदा दाराकडे पाहिलं. मग तो टेबलाशी बोलावं तसं बोलू लागला. "मला एवढंच दाखवायचं होतं की रंगवल्याशिवाय चित्र निघतं. हिच्या आधी. इतक्या वेगात रंग जळत नाही, कधीच जळला नव्हता. आज फिका होता, म्हणून लेसर वाढवला. मध्येच थांबायला हवं होतं. पण चित्र इतकं सुरेख होत चाललं होतं..."

"मग सांगितलं का नाही?" धाकटीचा आवाज फाटला. "दादा, मी दुपारपासून त्या खोलीत कोंडलेली आहे!"

"सांगणार होतो. उद्या."

"उद्या?" मुलीची आई म्हणाली. "डॉक्टर आज संध्याकाळी विचारतायत."

प्रमुख घसा खाकरून उभे राहिले. "झालं ते अतिशय दुर्दैवी आहे. पण नमुना गेला तो गेलाच. आपण रुग्णालयाला..."

"बसा," करवतबाई म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलंत, रंग उजेड देता देता संपतो. मग संपताना दिलेला उजेड गेला कुठे? यंत्रात. चित्र निघालंय. थोरले, कुठे आहे ते?"

"पुसून टाकलं."

"कधी?"

"लगेच. घाबरलो आणि पुसलं."

"तुम्ही?" करवतबाईंचा आवाज पहिल्यांदाच वाढला. "आटलेली पेनं ठेवता. तुटका चष्मा ठेवता. अख्खं जग चित्राच्या ज्या कडा टाकून देतं, त्याही ठेवता. आणि आयुष्यातलं सर्वांत सुरेख चित्र पुसलंत? काढा."

थोरल्याचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. तिथेच राहिला. मग त्याने एक चपटी डिस्क काढून टेबलावर ठेवली. धाकटीने ती झडप घालून उचलली.

संगणकाच्या खोलीत दोघांपुढे एकच खुर्ची होती.

"सरक," धाकटी म्हणाली. दोन वर्षांतला तिचा त्याला उद्देशून पहिला शांत शब्द.

तो सरकला. डिस्कवर शेकडो चित्रं होती, एकही वगळलेलं नव्हतं. शेवटची काळीठिक्कर. पहिली काही उजळ, पण नुसती रवाळ, त्यात धड काही ओळखू येईना. धाकटीने तेवढीच उचलली आणि आपल्या प्रोग्राममध्ये घातली. सगळे तिच्या पाठीशी उभे होते. आईने पिशवी छातीशी धरली होती.

दाणे विरत गेले. पेशी दिसू लागल्या. प्रत्येकीच्या कडेने एक बारीक हिरवी रेघ होती. आत काही नव्हतं.

"कडेला आहे," धाकटी पुटपुटली. "पहिलं औषध."

आईने पडद्याकडे पाहिलं नाही. ती थोरल्याकडे वळली.

"तुम्ही म्हणता ना, ही रंगवते? मग तुम्हीच सांगा. हे रंगवलेलं असेल तर माझी मुलगी आज जाईल. सांगा, खरं आहे का?"

थोरला पुढे झाला. त्याने तीच पहिली चित्रं आपल्या पद्धतीने लावली, टोकांवरून जाणं-येणं जुळवलं, सरासरी काढली. दाणे बरेच राहिले होते. पण हिरवं जे काही होतं ते कडेलाच होतं. त्याने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली आणि पुन्हा पुन्हा पाहिली.

"खरं आहे," तो म्हणाला. "तिचं बरोबर आहे."

आईने फोन लावला. "कडेला आहे, डॉक्टर. हो, दोघांनीही बघितलं. कडेला." धाकटीने फोन घेतला आणि दोन्ही चित्रं पाठवत असल्याचं सांगितलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, तिने उत्तर दिलं. फोन आईकडे परत आला तेव्हा ती नुसतं "हो, हो" म्हणत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

करवतबाईंनी कबुलीचा कागद उलटा करून प्रमुखांपुढे ठेवला. "काच न बघता गुन्हेगार ठरवला, असं लिहा. तुम्हाला सहीची फार घाई होती ना?" मग त्या थोरल्याकडे वळल्या. "तुमचा जबाब मी उद्या घेईन. दोन्हीकडून."

आई दाराशी पोचली होती. ती थांबली, मागे फिरली आणि थोरल्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझा मुलगा जाऊन वर्ष झालं," ती म्हणाली. "तरी आज बहिणीच्या उपयोगी पडला. तुम्ही तर जिवंत आहात."

थोरल्याने बहिणीकडे पाहिलं. ती त्याची डिस्क पुन्हा संगणकाला जोडून चित्रं पाठवण्यात गुंतली होती. तिने मान वर केली नाही.